रिकामा बॉक्स, कापलेली गाडी आणि स्टुडिओ नसलेला शिल्पकार: गॅब्रिएल ओरोझ्कोबद्दल विचारलंस म्हणून

तुझा प्रश्न मला समजला तो असा. शिल्पकलेच्या शेवटच्या वर्षाला आहेस, वर्गात मेक्सिकोच्या गॅब्रिएल ओरोझ्कोच्या कामाच्या स्लाइड्स दाखवल्या, त्यात बुटाचा एक रिकामा बॉक्स होता आणि भिंतीवर लावलेली दह्याच्या डब्यांची चार झाकणं होती. आणि तू चार वर्षं आर्मेचर (मातीच्या आतला सांगाडा) बांधून, मोल्ड काढून, पीओपीनं हात फुटेपर्यंत राबलायस, तर यात कौशल्य कुठंय, आणि असल्या कामावर माणूस न्यूयॉर्क-पॅरिसला जाऊन एवढा मोठा होतो तर आपण इथं नेमकं काय करतोय. वर पुढच्या वर्षी परदेशी शिकायला जायची संधी आलीये पण तिकडे स्टुडिओ परवडणार नाही, मग जावं की नाही.

मी २८ वर्षं हेच काम करतोय, शाडू, फायबर, ब्राँझ, मधली काही वर्षं दगड. घर पुतळ्यांवरच चालतं. त्यामुळे तुझा राग मला नीट कळतो, पहिल्यांदा मलाही तसंच वाटलं होतं. २०११ मध्ये लंडनला एका नातेवाइकाकडे गेलो होतो, तेव्हा टेट मॉडर्न म्युझियममध्ये ओरोझ्कोचं मोठं प्रदर्शन चालू होतं. बॉक्सपाशी मी थांबलोच नाही, सरळ पुढे गेलो. मग गाडी आली आणि तिच्यापाशी तासभर उभा राहिलो. म्हणून सुरुवात गाडीपासूनच करतो, तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथंच आहे.

गाडी म्हणजे सित्रोएन कंपनीची डीएस. १९५५ ला आलेली, फ्रेंच लोकांच्या अभिमानाची, आणि 'डीएस'चा फ्रेंच उच्चार त्यांच्या 'देवी' या अर्थाच्या शब्दासारखाच होतो. १९९३ मध्ये ओरोझ्कोनं पॅरिसमध्ये ही गाडी लांबीत उभी कापली, तीन भाग केले, मधला सुमारे ६२ सेंटीमीटरचा पट्टा काढून टाकला आणि दोन बाजू एकमेकींना जोडल्या. इंजिन काढलेलं. स्टिअरिंग मध्यावर, पुढे एकाच माणसाची जागा. लांबी तशीच राहिली, पावणेपाच मीटरच्या वर, पण रुंदी पावणेदोन मीटरच्या पुढून साधारण सव्वा मीटरच्याही आत आली. शांताल क्रुझेलच्या गॅलरीत ती पहिल्यांदा मांडली.

आता हे ऐकायला सोपं वाटतं, मधला तुकडा काढला आणि चिकटवलं. तू पत्र्याचं काम केलं असशील तर जरा डोळे मिटून विचार कर. गाडीचं बॉनेट मध्यावर जवळजवळ सपाट असतं आणि कडेला उतरत जातं. मधला सपाट भागच काढून टाकला की दोन उतार एकदम एकमेकांना भिडतात आणि तिथं धार तयार होते, जी मूळ गाडीत कुठंच नव्हती. छपराला वेगळा बाक, मागच्या डिकीला वेगळा, समोरच्या काचेला वेगळा, प्रत्येक ठिकाणी जोड एकाच रेषेत यायला पाहिजे आणि नुसता यायला नाही तर ती रेष दिसताही कामा नये. मी वाकून, गुडघ्यावर बसून, बाजूनं, मागून बघितलं. कुठंही खाचा भरायच्या पुटीचा फुगवटा नाही. समोरून बघितलं की बाणासारखी दिसते, बाजूनं बघितलं की पूर्ण गाडी, जशीच्या तशी, कारण बाजूला हातच लावलेला नाही. म्हणजे तुम्ही तिच्याभोवती चालता तशी ती गाडी खरी होते आणि खोटी होते. उभ्या गाडीला वेग आलाय आणि तो सगळा वेग वजाबाकीनं आलाय. आपण शिल्पाला भर घालणं आणि काढून टाकणं म्हणतो ना, मातीत भर, दगडात काढणं, तर त्यानं काढणं मधून केलंय, बाहेरून नाही. हे मला तोपर्यंत सुचलं नव्हतं, मी छिन्नी नेहमी बाहेरूनच लावत आलो.

हे ज्याला जमतं त्याला कौशल्य नाही असं म्हणता येत नाही. मग असा माणूस रिकामा बॉक्स का ठेवतो, तर त्यासाठी तो कुठून आला ते बघायला लागेल.

ओरोझ्को १९६२ मध्ये मेक्सिकोच्या व्हेराक्रूझ राज्यात हालापा गावी जन्मला. जोसे क्लेमेंते ओरोझ्को म्हणून जे म्युरलवाले, म्हणजे भिंतीवर प्रचंड चित्रं काढणारे, मोठे चित्रकार तुमच्या अभ्यासात आहेत ते वेगळे, नावामुळे बरीच मुलं घोळ करतात. पण याचे वडील मारिओ ओरोझ्को रिव्हेरा हेही म्युरल पेंटरच होते, कलेचे शिक्षक, डाव्या विचारांचे, आणि सिकेरोस या दुसऱ्या मोठ्या म्युरल चित्रकाराच्या म्युरलवर काम करायला म्हणून कुटुंब मेक्सिको सिटीला आलं तेव्हा हा सहा वर्षांचा होता. आई पियानो शिकलेली. म्हणजे बघ, घरात भिंत हीच कला, प्रचंड मोठी भिंत, तिच्यावर क्रांती, शेतकरी, कामगार, इतिहास, आणि ती भिंत सरकारी इमारतीची. मेक्सिकोत त्या काळात चित्रकार व्हायचं म्हणजे या परंपरेच्या सावलीत व्हायचं. हा १९८१ ते ८४ तिथल्या राष्ट्रीय कलाशाळेत शिकला, रीतसर, ड्रॉइंगसकट सगळं. तुझ्यासारखंच.

मग १९८६-८७ मध्ये माद्रिदला गेला, सिर्कुलो दे बेयास आर्तेस या संस्थेत. स्पेनमध्ये भाषा त्याची स्वतःचीच, तरीही तिथं तो परका. ज्यांनी आपल्यावर राज्य केलं त्यांच्या राजधानीत त्यांचीच भाषा बोलत फिरायचं आणि तरी बाहेरचा ठरायचं हे वेगळंच असणार. माझ्या मते त्याचं पुढचं सगळं काम या परकेपणातून निघालंय. घरी असताना सगळं ओळखीचं असतं म्हणून काही दिसत नाही, परक्या गावात मात्र फुटपाथवरचा डबासुद्धा दिसतो.

१९८७ ला परत आला आणि घरी दर शुक्रवारी मित्रांना बोलवायला लागला. हा 'शुक्रवारचा वर्ग' जवळपास पाच वर्षं चालला. येणारे कोण तर दामियान ओर्तेगा, अब्राहम क्रुसव्हिएगास, गॅब्रिएल कुरी, डॉक्टर लाक्रा, सगळे त्याच्याहून लहान. ना फी, ना परीक्षा, ना सर्टिफिकेट. एकमेकांचं काम बघायचं, वाचायचं, वाद घालायचे. यातल्या ओर्तेगानं पुढे २००२ मध्ये फोक्सवॅगन बीटलचे सगळे पार्ट सुटे करून छताला टांगले, जणू गाडीचा स्फोट हवेत थांबलाय, आणि क्रुसव्हिएगासला २०१५ मध्ये टेट मॉडर्नचा तो अवाढव्य टर्बाइन हॉल मिळाला. मला या माणसाच्या सगळ्या करिअरमध्ये हा शुक्रवार फार मोठा वाटतो, म्युझियमच्या प्रदर्शनांपेक्षाही. आपण कॉलेज संपलं की एकटे पडतो रे, प्रत्येक जण आपापली ऑर्डर धरून बसतो आणि दुसऱ्याला बघूही देत नाही. तुला काही सुरू करायचं असेल तर हे कर, याला पैसे लागत नाहीत.

त्याच काळातलं एक काम मुद्दाम सांगतो कारण ते मातीचं आहे. १९९१, चोलुला नावाच्या गावाजवळची वीटभट्टी. तिथली विटांची माती घेऊन त्यानं दोन्ही हातांच्या मुठीत दाबली आणि सोडली. बस. बोटांच्या खाचा पडलेला जो गोळा तयार झाला तो हृदयासारखा दिसतो. त्याचे दोन फोटो आहेत, एकात उघड्या छातीसमोर हात मिटलेले, दुसऱ्यात हात उघडलेले आणि आत तो गोळा. नाव 'माझे हात हेच माझं हृदय'. म्हणजे हाताला महत्त्व न देणारा माणूस आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी आधी हे बघावं.

त्याच वर्षी तो ब्राझीलला गेला होता. बाहिया राज्यात काशोएरा गावचा बाजार उठल्यावर लाकडी टेबलं रिकामी पडली होती, त्यानं पडलेली संत्री उचलली आणि प्रत्येक टेबलावर एकेक ठेवली आणि फोटो काढला. विक्रेते त्याला 'येडा टुरिस्ट' म्हणाले, त्यानं तेच कामाचं नाव ठेवलं. यात शिल्प कुठंय असं विचारशील. पन्नास रिकामी टेबलं म्हणजे नुसता पसारा असतो, त्यावर एकेक नारिंगी ठिपका आला की डोळा आपोआप एका टेबलावरून दुसऱ्यावर उड्या मारायला लागतो आणि सगळ्या बाजाराचं अंतर मोजलं जातं. पुतळा चौकात बसवताना आपण हेच करतो, चबुतऱ्याची जागा चुकली तर चांगला पुतळा मरतो आणि बरोबर असली तर साधा पुतळाही चौक धरून ठेवतो.

१९९२ ला न्यूयॉर्क. आणि इथं तुझ्या स्टुडिओच्या प्रश्नाशी थेट संबंध येतो, कारण त्याच्याकडेही स्टुडिओ नव्हता आणि त्यानं ठरवून ठेवलाच नाही. त्या वर्षी त्यानं प्लॅस्टिसिन या मॉडेलिंगच्या मातीचा एक गोळा केला, वजन स्वतःच्या वजनाएवढं, साधारण ६८ किलो, आणि तो रस्त्यावरून ढकलत नेला. नाव 'दबणारा दगड'. रस्त्यावरची धूळ, खडे, कचरा त्यात रुतला, गटाराच्या जाळीचा ठसा उमटला, जे आडवं आलं ते त्यानं अंगावर घेतलं. तुला माहितीये, प्लॅस्टिसिन तेलातलं असतं, ते सुकत नाही, कडक होत नाही. म्हणजे हे शिल्प कधी पुरं होत नाही, आजही कुणी बोट लावलं तर ठसा उमटेल. आणि आकार किती, तर सगळीकडून ४० सेंटीमीटरच्या आसपास, घागरीएवढा. एक अख्खा माणूस वजनानं घागरीएवढ्या गोळ्यात बसतो हे मी वाचलं तेव्हा विश्वास बसला नाही, मी घनता धरून गणित केलं, बरोबर आलं. वडील क्रांतीच्या भिंती रंगवत होते आणि मुलगा परक्या शहराचा रस्ता स्वतःच्या वजनावर उमटवून घेतोय. स्थलांतर केलेल्या माणसाचं याहून खरं पोर्ट्रेट मी तरी पाहिलेलं नाही.

त्याच सुमाराला तो सायकलवर डबक्यांमधून गोल गोल फिरला आणि ओल्या टायरच्या रेषांचा फोटो काढला. पियानोच्या काळ्या चकचकीत लाकडावर श्वास सोडला आणि वाफ उडायच्या आत फोटो. ही सगळी कामं करायला खर्च जवळजवळ शून्य, आणि विमानात न्यायची झाली तर वजनही शून्य.

१९९३ हे त्याचं वर्ष म्हणायला पाहिजे. न्यूयॉर्कच्या मोमा म्युझियमनं त्याला छोटं प्रदर्शन दिलं तर त्यानं समोरच्या इमारतीत राहणाऱ्या लोकांना विनंती केली की तुमच्या खिडकीत संत्री ठेवा. म्युझियममधून बाहेर बघितलं की दिसायची. झोळीसारखा झोपाळा बांधला म्युझियमच्या बागेतल्या झाडांना. आणि त्याच वर्षी व्हेनिसच्या बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात, तो बुटाचा रिकामा बॉक्स.

तर आता बॉक्स. व्हेनिसला जगभरचे कलाकार येतात आणि प्रत्येक जण मोठ्यात मोठं काहीतरी घेऊन येतो, क्रेन लागतात. मेक्सिकोहून आलेल्या ३१ वर्षांच्या पोराकडून लोकांची अपेक्षा काय असणार, तर रंगीत, भडक, देशीपणा. त्यानं जमिनीवर पांढरा रिकामा बॉक्स ठेवला, झाकण खाली लावून. लोकांचे पाय लागायचे. बॉक्स म्हणजे काय तर ज्यात काहीतरी यायचंय अशी जागा. मला हे काम आवडतं असं मी आजही म्हणणार नाही, पण त्या जागी, त्या वर्षी, त्या माणसानं ते ठेवणं हा धाडसी निर्णय होता हे मी मानतो, आणि तो निर्णय घेणाऱ्याच्या हातात त्याच वर्षी ती गाडीही होती हे विसरू नकोस. तुझ्या सरांनी स्लाइड दाखवताना गाडी आणि बॉक्स शेजारी शेजारी दाखवायला हवे होते, नुसता बॉक्स दाखवला की मुलांना वाटतं हा शॉर्टकट आहे. दह्याची झाकणं १९९४ ची, न्यूयॉर्कमधल्या मेरियन गुडमनच्या गॅलरीत, त्याचं तिथलं पहिलंच सोलो, म्हणजे एकट्याचं प्रदर्शन, चार भिंती आणि प्रत्येक भिंतीवर एक पारदर्शक, निळ्या काठाचं झाकण. पहिल्या सोलोला माणूस असेल नसेल ते सगळं भिंतीवर टांगतो, आपण सगळे टांगतो. त्यानं चार भिंती रिकाम्या ठेवायची हिंमत केली आणि खोलीच शिल्प झाली. पण हे सांगतो ते पटलंच पाहिजे असं नाही, तू झाकणांवर रागवलास तरी चालेल, गाडी आणि आता सांगतो ती कवटी मात्र नीट बघ.

कवटीवर येण्याआधी बर्लिन. १९९५ मध्ये जर्मनीच्या डाड या शिष्यवृत्तीवर तो तिथं होता. श्वाल्बं नावाची पूर्व जर्मनीत बनायची ती स्कूटर, नावाचा अर्थ पाकोळी, त्यानं पिवळ्या रंगाची एक घेतली. भिंत पडून पाच-सहा वर्षं झालेली, पूर्व जर्मनी देश म्हणून संपलेला, पण स्कूटर्स फिरत होत्या. हा शहरभर फिरायचा, तशीच पिवळी श्वाल्बं दिसली की आपली तिच्या शेजारी लावायची आणि फोटो काढायचा. असे ४० फोटो. त्या मालकांना त्यानं एका दिवशी एकत्र यायचं निमंत्रणही दिलं होतं, फारच थोडे आले. ते फोटो बघ, दोन सारख्या गाड्या शेजारी उभ्या आहेत आणि मालक गायब. एकट्यानं परक्या शहरात राहिलेल्या कुणालाही ते कळतं, आपल्यासारखा कुणीतरी दिसला की बरं वाटतं, मग तो अनोळखी का असेना.

१९९६ मध्ये त्याचं एक फुफ्फुस अचानक बसलं, हॉस्पिटलात राहावं लागलं. बाहेर भटकून काम करणारा माणूस घरात अडकला. तेव्हा त्यानं न्यूयॉर्कच्या सोहोतल्या एका दुकानातून माणसाची खरी कवटी आणली आणि पुढचे काही महिने तिच्यावर पेन्सिलनं, साध्या ग्रॅफाइटनं, बुद्धिबळाच्या पटासारखे काळे चौकोन काढत बसला. 'काळे पतंग' हे नाव. १९९७ मध्ये जर्मनीतल्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात मांडली, आता ती फिलाडेल्फियाच्या म्युझियममध्ये आहे.

हे मी माझ्या विद्यार्थ्यांना करायला लावतो, कवटीवर नाही, लाल भोपळ्यावर. तूही कर. पेन्सिल घे आणि भोपळ्यावर चेसबोर्ड काढ. पहिले दहा-बारा चौकोन मस्त जमतात. मग जिथं फुगवटा वाढतो तिथं चौकोन ताणायला लागतो, देठापाशी खळगा आहे तिथं चिमटतो, आणि फिरून परत सुरुवातीच्या ठिकाणी आलास की रेषा जुळत नाहीत, दोन काळे शेजारी यायला लागतात. सपाट जाळी गोल वस्तूवर बसतच नाही, ही भूमितीची अडचण आहे, तुझ्या हाताची नाही. मग प्रत्येक ठिकाणी ठरवावं लागतं, इथं थोडं तिरकं घेऊ, इथं लांबट करू. मला पहिल्यांदा साडेपाच तास लागले आणि तरी मागची बाजू बिघडलीच. आता कवटी डोळ्यांसमोर आण, त्यात डोळ्यांच्या खोबण्या आहेत, नाकाचं भोक आहे, गालाच्या हाडाची कड आहे, दातांच्या वरची मुळांची उंचसखल जागा आहे. त्यानं जाळी खोबणीच्या आत उतरवलीये आणि परत बाहेर काढलीये. चौकोन कुठं पतंगासारखे लांब झालेत, म्हणूनच नाव. आजारातून उठलेला माणूस मरणावर इंच-इंच बोट फिरवून ते मोजतोय असं मला दर वेळी वाटतं, आणि अंगावर काटा येतो. मेक्सिकोत कवटी हा काही भीतीचा विषय नाही, मृतांच्या सणाला साखरेच्या कवट्या करतात, पण ह्या कवटीत सणाचा रंग कुठंच नाही, नुसती पेन्सिल.

पुढचं जरा भरभर सांगतो. १९९९ मध्ये मेक्सिको सिटीत कुरिमान्झुत्तो गॅलरी सुरू झाली त्यामागे त्याचा मोठा हात, आणि पहिलं प्रदर्शन एका दिवसाचं, भाजी बाजारातल्या गाळ्यावर, बाजारभावानं. २००४ नंतर सोनेरी, लाल, निळ्या वर्तुळांची चित्रं, बुद्धिबळातल्या घोड्याच्या चालीवरून पुढं सरकणारी, ती बाजारात खूप चालली, मला स्वतःला ती तेवढी भिडत नाहीत, नेटकी आहेत पण त्यात रस्ता नाही. २००६ मध्ये मेक्सिको सिटीच्या व्हास्कोन्सेलोस ग्रंथालयात त्यानं करड्या देवमाशाचा अख्खा सांगाडा टांगला, बाहा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरून आणलेला, त्यावर परत ग्रॅफाइटची वर्तुळं, मदतीला मोठी टीम. पुस्तकांच्या लोखंडी रॅकमध्ये तो मासा पोहतोय असं दिसतं. आणि त्याच वर्षीचं त्याचं ओआहाका किनाऱ्यावरचं घर, तातियाना बिल्बाओ या आर्किटेक्टबरोबर केलेलं, ते दिल्लीच्या जंतरमंतरवरून घेतलंय! गच्चीच्या मध्यभागी अर्धगोल वाटीसारखा तलाव. सवाई जयसिंगाच्या वेधशाळेतला भाग पॅसिफिकच्या काठावर पोहोचला आणि आपली मुलं दिल्लीला जाऊन तिथं सेल्फी काढून येतात, आकार वहीत उतरवून घेणारा मी तरी फार कमी वेळा पाहिला.

२००९ च्या शेवटी मोमाचं मोठं सिंहावलोकन झालं, तिथून ते बाझेल, पॅरिसचं पाँपिदू आणि लंडन असं फिरलं. २०१२ ला गुगेनहाइम म्युझियममध्ये त्यानं दोन ठिकाणचा कचरा मांडला, मेक्सिकोच्या किनाऱ्यावर वाहून आलेल्या बाटल्या, बल्ब, लाकडं, आणि न्यूयॉर्कच्या एका खेळाच्या मैदानातले नखाएवढे तुकडे, नाणी, च्युइंगगम, दोऱ्याची टोकं, हजाराच्या वर, सगळं आकार-रंगानुसार लावून. नाव मोठं झालं की माणूस एका जागी बसतो, हा २०१५ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, टोकियोला राहायला गेला. भाषा येत नाही, लिपी येत नाही. तिथं त्यानं जपानी सुतारांचं जुनं माप घेतलं, शाकू, साधारण ३०.३ सेंटीमीटर, आणि त्या मापाच्या हिशेबानं लाकडाच्या पट्ट्यांवर रंगीत टेप गुंडाळून कामं केली. किमोनोच्या कमरपट्ट्याचं जुनं रेशीम घेऊन कापून जोडलं. म्हणजे परत तेच, नवीन गावात गेलं की आधी तिथलं माप हातात घ्यायचं.

२०१९ मध्ये मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याला चापुल्तेपेक या मेक्सिको सिटीतल्या ८०० हेक्टरच्या आसपासच्या उद्यानाच्या आराखड्याचं काम दिलं, त्यानं ते मानधन न घेता केलं, पण टीका खूप झाली, कारण बाकी संस्कृतीचा पैसा कापला जात असताना एका प्रकल्पावर एवढा खर्च. मला ती टीका अगदीच चुकीची वाटत नाही. ज्याच्या वडिलांनी सरकारी भिंती रंगवल्या आणि जो त्यापासून दूर पळाला तो साठीजवळ सरकारी कामाकडे परत आला, हे मात्र लक्षात राहतं. २०२५ मध्ये मेक्सिको सिटीच्या हुमेक्स म्युझियममध्ये त्याचं मोठं प्रदर्शन झालं, स्वतःच्या देशातलं म्युझियममधलं २००६ नंतरचं पहिलं.

आता तुझं, जावं का नाही. माझ्यावर आलेली वेळ सांगतो. दहा-बारा वर्षांपूर्वी एका गावच्या समितीनं पुतळ्याचे पैसे अडकवले, ब्राँझचं ओतकाम झालेलं होतं, भट्टीवाल्याचे पैसे मी खिशातून दिले आणि वर्कशॉपचं भाडं थकलं, जागा सोडायला लागली. पुढचे आठ महिने मी काहीही केलं नाही. हत्यारं पोत्यात बांधून माळ्यावर ठेवली. कारण माझ्या डोक्यात पक्कं होतं की वर्कशॉप नाही म्हणजे मी शिल्पकार नाही. त्या आठ महिन्यांत मी रोज गावातून दोन-तीन तास चालायचो आणि काही म्हणजे काही बघितलं नाही. टेटला जाऊन आलेलो असूनही. प्रदर्शन बघून माणूस शिकत नाही, अडचणीत आल्यावर ते आठवावं लागतं आणि मला आठवलं नाही. ते महिने मला अजून टोचतात.

म्हणून जा असंच सांगेन, पण तयारीनं जा. कोर्सच्या फीमध्ये फाउंड्रीचे (धातू ओतायच्या भट्टीचे) तास किती आणि मटेरियल कुणाचं हे आधी लेखी विचारून घे, बऱ्याच ठिकाणी वेल्डिंगच्या खोलीत जायला वेगळं ट्रेनिंग घ्यावं लागतं आणि त्यातच पहिली टर्म जाते. परत येताना काम आणायचा खर्च कामापेक्षा जास्त होतो, तेव्हा मोठं ब्राँझ तिकडे करायचा हट्ट धरू नकोस, ते इथं कोल्हापूर-पुण्यात स्वस्तात आणि चांगलं होतं. तिकडे ते कर जे फक्त तिकडेच होईल. फोटो नीट काढायला शिक, मोबाइल चालेल पण उजेड समजून घे, ओरोझ्कोचं अर्धं शिल्प फोटोतच उरलंय, संत्री कधीच सडली. आणि इथलं हाताचं काम सोडू नकोस, त्याच्याकडे ते होतं म्हणून साधी वस्तू उचलताना त्याला कळत होतं की हिच्यात आधीच शिल्प आहे. ज्याला वजन, कड, पोकळी, सांधा कळत नाही त्यानं बॉक्स ठेवला तर तो बॉक्सच राहतो.

जायच्या आधी अजून एक. इथली, आपल्या गावच्या कुंभाराकडची किंवा वीटभट्टीची ओली माती घे मूठभर, दोन्ही हातांनी एकदाच दाब आणि सोड, दुरुस्त करू नकोस. वाळव, भट्टीवाला तयार असेल तर विटांबरोबर भाजून घे. तिकडे गेल्यावर पहिल्या आठवड्यात तिथली माती घेऊन परत तेच कर. दोन्ही गोळे शेजारी ठेव आणि बोटांच्या खाचा बघ, अंगठ्याजवळची सगळ्यात खोल असते, करंगळीची पुसट. मातीत रेती जास्त असेल तर कडेला चिरा पडतील, चिकट असेल तर बोटांच्या रेषासुद्धा उमटतील. त्या दोन गोळ्यांचे फोटो मला पाठव, मग पुढचं बोलू.